कर्जत-खालापूर परिसरातील धबधबे : वाट, नाव आणि मनाई – एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

जून महिना सरत आला की आमच्या भागातील महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर दरवर्षी एक परिपत्रक लागते. विद्यार्थ्यांनी धबधबे, धरणे व नदीपात्रात जाऊ नये, गेल्यास होणाऱ्या परिणामांस ते स्वतः जबाबदार राहतील, असा त्याचा आशय असतो. प्रस्तुत लेखकाने हे परिपत्रक वर्गात वाचून दाखविले आहे आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस भिवपुरी रोड स्थानकाच्या फलाटावर त्याच वर्गातील पाच-सहा विद्यार्थी भिजलेल्या कपड्यांत लोकलची वाट पाहत उभे असलेलेही पाहिले आहेत. त्यांनी नजर चुकविली, लेखकानेही चुकविली. परिपत्रक आणि फलाट यांमधील हे अंतर केवळ शिस्तीच्या अभावाचे लक्षण मानता येईल काय, या प्रश्नातून प्रस्तुत लेखनाची सुरुवात झाली.

धबधबा हा सामान्यतः भूगोलाचा विषय समजला जातो. सह्याद्रीतील बेसाल्टचे थर एकावर एक रचलेले आहेत. त्यांतील कठीण थर टिकतात, मऊ थर झिजतात आणि त्यामुळे ओढे टप्प्याटप्प्याने खाली उडी घेतात, हे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. तथापि धबधब्याकडे जाणे, तेही मौजेसाठी आणि तेही भर पावसात, ही कृती निसर्गदत्त नाही. तिला इतिहास आहे, आणि कर्जत-खालापूरच्या बाबतीत तो घाटवाट, लोहमार्ग, वीजनिर्मिती आणि कारखानदारी यांच्याशी घट्ट बांधलेला आहे. या इतिहासात डोंगरावर व डोंगराखाली राहणाऱ्या वाड्या-पाड्यांना कोणते स्थान मिळाले, याचाही शोध येथे घेण्याचा प्रयत्न केला आहे.

थांबण्याचा ऋतू

या परिसरातील पावसाळी पाण्याशी माणसाच्या सहवासाची सर्वांत जुनी खूण म्हणून कोंडाणे लेण्यांकडे बोट दाखवावे लागते. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कर्जतपासून काही अंतरावर ही बौद्ध लेणी आहेत. अभ्यासक त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या शतकांत धरतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळील एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख असून, कण्ह नावाच्या व्यक्तीचा शिष्य बालुक याने हे काम केल्याचे त्यात नमूद आहे. पावसाळ्यात लेण्याच्या कपाळावरून पाण्याची धार थेट अंगणात कोसळते, आणि आत उभे राहिले असता समोरचे जंगल पाण्याच्या पडद्याआडून दिसते.

बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने भ्रमण वर्ज्य होते. या काळात त्यांनी एका ठिकाणी राहावे असा नियम होता, त्यालाच वर्षावास म्हणतात. घाटमार्गाजवळील लेण्यांचा उपयोग अशा निवासासाठी होत असावा, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. म्हणजे कोंडाण्यातील भिक्षू धबधबा पाहण्यासाठी आला नव्हता. पाऊस होता म्हणून तो थांबला होता, आणि धबधबा त्याच्या दारात आपोआप पडत होता. पुढील काळातील चातुर्मासाची कल्पनाही याच धर्तीची आहे. मराठ्यांच्या मोहिमा पावसाळ्यात छावणीला बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होई, हे सर्वज्ञात आहे. पंढरीची वारी मात्र आषाढातच चालते, हा आक्षेप कोणी घेईल. तो योग्यही आहे. परंतु वारीचा मुख्य मार्ग घाटमाथ्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या प्रदेशातून जातो. कोकणातील डोंगरउतारावर आषाढ-श्रावणात विनाकारण फिरणे ही गोष्ट जुन्या समाजाला परिचित नव्हती, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आजही वाडीवरचा माणूस या दिवसांत फिरत नसतो, तो शेतात वाकलेला असतो. ज्या आठवड्यांत धबधबे पूर्ण भरात असतात, नेमके तेच आठवडे आवणीचे, म्हणजे भाताची रोपे लावण्याचे असतात. पर्यटकाचा मोकळा रविवार आणि शेतकऱ्याचा वर्षातील सर्वांत घाईचा दिवस एकाच बांधाच्या दोन बाजूंना असतात.

घाटवाट आणि खिडकी

बोरघाटाची वाट प्राचीन आहे. घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणीसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे मंदिर पेशवाईतील वर्दळीची साक्ष देतात. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर जनावरांना पाणी आणि माणसांना विसावा मिळावा, हा त्यामागील हेतू उघड आहे. मारिया ग्रॅहम ही इंग्रज प्रवासिनी १८०९ च्या डिसेंबरात या मार्गाने पुण्याकडे गेली आणि तिचे प्रवासवर्णन १८१२ साली प्रसिद्ध झाले. डिसेंबर हा प्रवासाचा शहाणा महिना होता. बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी मात्र १८२५ मध्ये ऐन पावसाळ्यात दख्खनची वाट धरली. त्यांच्यासारख्यांच्या लेखनातून सह्याद्रीचे कोसळते पाणी इंग्रजी वाचकांसमोर दृश्य म्हणून मांडले गेले.

पावसाळ्यातील हा प्रवास केवळ लहरीचा भाग नव्हता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. मुंबई सरकारचा मुक्काम उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्याला हलविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. मुंबईतील दमट पावसाला कंटाळलेला अधिकारीवर्ग जूनमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत जाऊ लागला, आणि त्यासाठी त्याला बोरघाट चढावा लागे. जो ऋतू थांबण्याचा होता, तो एका वर्गासाठी निघण्याचा झाला. धबधबा ‘दिसू’ लागला तो या निघण्यामुळे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी नोव्हेंबर १८३० मध्ये घाटातील नवा रस्ता खुला केला आणि चाकाच्या वाहनांची सोय झाली.

लोहमार्गाने या गोष्टीला वेगळेच परिमाण दिले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत आली. वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे हा मार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट तेवढा बाकी राहिला. १८६३ पर्यंत, म्हणजे तब्बल पाच पावसाळे, प्रवासी खोपोलीस उतरून पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसत. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल असलेल्या या सुमारे सोळा मैलांच्या कामावर १८६१ साली बेचाळीस हजारांहून अधिक मजूर होते. त्यांतील हजारो पटकी व अन्य साथींनी दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुरे केले, ही गोष्ट बहुतेक ग्रंथांत सांगितली जाते. मजुरांपैकी एकाचेही नाव मात्र सांगितले जात नाही.

रेल्वेच्या खिडकीने धबधब्याला चौकट दिली. पाण्यात पाय न भिजविता, शेवाळावरून न घसरता आणि चार तास न चालता तो पाहता येऊ लागला. आज घाटातून जाताना डब्याच्या दारात उभा राहून मोबाईलवर चित्रण करणारा तरुण ही त्याच खिडकीची पुढची आवृत्ती होय.

लोखंडी धबधबा

खोपोलीत येणाऱ्या नवख्या माणसाला डोंगरावरून सरळ खाली उतरणारे जाड नळ दिसतात. हा या परिसरातील सर्वांत मोठा आणि बाराही महिने वाहणारा धबधबा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. फरक इतकाच की तो लोखंडाच्या आत आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस साठवून तो कोकणात सोडावा आणि त्या उंचीतून वीज मिळवावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या हयातीतली. ती प्रत्यक्षात आली त्यांच्या मृत्यूनंतर. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० साली स्थापन झाली. १९११ मध्ये लोणावळ्याजवळील वळवण धरणाचा पायाभरणी समारंभ झाला, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू होऊन मुंबईच्या कापडगिरण्यांकडे वीज वाहू लागली. लोणावळा, वळवण व शिरोता या तलावांचे पाणी सुमारे सतराशे फूट खाली येते. पाठोपाठ आंध्रा खोऱ्यातील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली, तर मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह सुपरिचित असल्याने त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

इंद्रायणी व आंध्रा या नद्यांचे पाणी मूळचे भीमा-कृष्णेच्या मार्गाने बंगालच्या उपसागराला जाणारे. ते अडवून पश्चिमेला वळविण्यात आले. वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी खोपोलीत पाताळगंगेला आणि भिवपुरीकडे उल्हासला मिळते. उन्हाळ्यात ज्या नद्यांच्या पात्रात डोह तेवढे उरले असते, त्या बारमाही झाल्या. या पाण्यावर पुढे वसाहती वाढल्या, कारखाने आले. वीज, पाणी आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी असल्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळात खोपोली हे औद्योगिक नगर बनले.

या संदर्भात अमेरिकेतील नायगाराचे उदाहरण उद्‌बोधक वाटते. तेथे खाजगी जमीनमालक कुंपणे घालून धबधबा पाहण्याचे पैसे घेत होते. लोकमताच्या रेट्यामुळे न्यूयॉर्क राज्याने ती जमीन ताब्यात घेऊन १८८५ साली ती सर्वांसाठी राखीव केली. अमेरिकेतील राज्य उद्यानांपैकी हे सर्वांत जुने मानले जाते. त्याच नायगारावर दहा वर्षांतच वीजनिर्मितीही सुरू झाली. दृश्य आणि वीज यांतील ओढाताण शेवटी १९५० च्या अमेरिका-कॅनडा कराराने मिटविण्यात आली. पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान एक लाख घनफूट आणि इतर वेळी पन्नास हजार घनफूट पाणी दर सेकंदाला कड्यावरून जाऊ द्यावे, असे ठरले. नायगारा पाहणारा माणूस, एका अर्थी, कराराने सोडलेले पाणी पाहत असतो. आपल्याकडील धबधबे असे मोजून सोडलेले नाहीत, ते पावसाच्या मर्जीवर आहेत. मात्र त्यांच्या भोवतीची जमीन कोणाची, वाट कोणी राखावयाची, वरच्या पाण्याची खबर खाली कोणी द्यावयाची, या प्रश्नांचा जो विचार नायगाराबाबत शतकापूर्वीच करावा लागला, तो आपल्याकडे सुरू व्हावयाचा आहे. वन खाते, रेल्वे, ग्रामपंचायत, खाजगी मालक आणि पोलीस अशा पाच दारांत हा विषय विखुरलेला आहे.

नावांचा पुरावा

लेखी साधने जेथे तोकडी पडतात तेथे स्थलनामे उपयोगी पडतात. आपल्या धबधब्यांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे खालापूर तालुक्यातील चौक येथून डोंगर चढून गेले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला. ठाकूर, कातकरी व धनगर यांच्या वाटा त्या डोंगरावर आधीपासून होत्या, आणि साहेब चढला तो अशाच वाटेने. तरीही ‘शोध’ हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांतून अद्याप गेलेला नाही. पुढे तेथील टोकांना लुईझा, गार्बट आणि तलावाला शार्लट अशी नावे पडली. हा पहिला थर.

गार्बटच्या पठाराखाली, लोहमार्गाच्या पश्चिमेस जो धबधबा आहे, त्याला मुंबईकर ‘भिवपुरीचा धबधबा’ म्हणतात. वास्तविक भिवपुरी हे गाव आणि तेथील वीजगृह लोहमार्गाच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेकडे आहे. गाव स्थानकापासून दूर असले की रेल्वे त्याच्या नावापुढे ‘रोड’ लावीत असे, त्या रिवाजाने हे स्थानक भिवपुरी रोड झाले. मग स्थानकाचे नाव समोरच्या धबधब्याला चिकटले. म्हणजे पूर्वेच्या गावाचे नाव रेल्वेमार्फत पश्चिमेच्या पाण्याला मिळाले. जवळच्या आषाणे-कोषाणे गावांच्या नावाने ओळखले जाणारे पाणी त्या मानाने सुदैवी म्हटले पाहिजे. माथेरानच्या छोट्या गाडीच्या वाटेवरील जुम्मापट्टी हेही स्थानकाचेच नाव, आणि तेच आज तेथील धबधब्याचे नाव आहे. हा दुसरा थर.

तिसरा थर खोपोलीत सापडतो. शहरालगतचा प्रसिद्ध धबधबा ‘झेनिथ’ या नावाने ओळखला जातो. हे नाव जवळच्या पोलादी नळांच्या कारखान्याचे होय. पाण्याच्या एका धारेला नळ बनविणाऱ्या कारखान्याचे नाव मिळावे, यातील योगायोग कोणा कवीने रचला असता तर आपण तो ओढूनताणून आणलेला मानला असता.

साहेब, स्थानक आणि कारखाना असे हे तीन थर आहेत. ज्याने वाट आणली त्याचे नाव पाण्याला लागले. १८८२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, ते १८९१ साली कुलाब्यात आले) माथेरान, खोपोली, कोंडाणे यांची माहिती मिळते. परंतु वाडीवरील लोक त्या त्या ओढ्याला काय म्हणत, हे नोंदविण्याची गरज अशा सरकारी साधनांना क्वचितच वाटली. ही केवळ भावनेची बाब नाही. स्थानिक नावात बहुधा पाण्याचा स्वभाव असतो. कोठे भोवरा आहे, कोठे दरड सुटते, कोणत्या घळीतून पाणी अचानक येते, हे नावातून पुढच्या पिढीला कळते. स्थानकाचे नाव तिकीट कोठले काढावे एवढेच सांगते.

मनाई आणि माहिती

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पर्यंत पूर्ण झाला आणि पाठोपाठ मोबाईलवरील छायाचित्रांनी धबधब्यांची कीर्ती घरोघर नेली. गर्दी वाढली, तसे बुडण्याचे प्रकारही वाढले. त्यावर प्रशासनाने योजलेला उपाय म्हणजे मनाई आदेश. कर्जत व खालापूर तालुक्यांतील धबधबे व धरणे यांवर अनेक पावसाळ्यांत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली असे आदेश निघाले. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने हे कलम आता १६३ झाले आहे. कलम १४४ हे १८९८ च्या संहितेतही याच क्रमांकाने होते, आणि स्वातंत्र्यलढ्यात सभा-मिरवणुका रोखण्यासाठी त्याचा सर्रास वापर झाला. धबधब्यावर जमलेला समुदाय आणि कायदेभंगासाठी जमलेला समुदाय राज्यसंस्थेला एकाच कलमातून दिसावेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवावे असे आहे.

आदेश अनावश्यक होते असे येथे म्हणावयाचे नाही. १८ जुलै २०२१ रोजी पनवेल तालुक्यातील खारघरच्या डोंगरात ओढ्याचे पाणी चढल्याने शंभराहून अधिक पर्यटक अडकले आणि अग्निशमन दलाला त्यांना उतरवावे लागले. ३० जून २०२४ रोजी घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेथे पाण्याने वेढलेले ते कुटुंब खडकावर एकमेकांना धरून उभे असल्याचे चित्रण सर्वांनी पाहिले. दोन्ही ठिकाणी कारण एकच होते. वर पाऊस पडला आणि खाली लोंढा आला. पठारावरचे पाणलोट क्षेत्र लहान व खडकाळ असले की पाणी मुरत नाही, त्यामुळे अर्ध्या तासात ओढ्याचे रूप पालटते. खाली ऊन असते, म्हणून उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही.

आषाण्याच्या वाटेवर भेटलेल्या एका वयस्क ठाकूर शेतकऱ्याला, “बाबा, तुम्हांला कसं कळतं?” असे लेखकाने विचारले होते. ते म्हणाले, “सर, पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या यायला लागल्या का निघायचं. वरती बघायचं, डोंगर दिसेनासा झाला तरी निघायचं. आम्ही पोरांना पाण्यात पाय घालायच्या आधी परत यायची वाट दाखवतो.” कोणत्याही मनाई आदेशात हे तीन वाक्यांचे ज्ञान आढळत नाही. आदेश ‘जाऊ नका’ एवढेच सांगतो, आणि तो पोलिसांची गाडी वळताच संपतो. शिवाय बंदीमुळे वाडीतील ज्या कुटुंबांना पावसाळ्याचे दोन महिने भजी, मक्याची कणसे वा जेवण विकून चार पैसे मिळत, त्यांचे उत्पन्न बुडते, आणि धबधब्यावर हजर राहू शकणारा जाणता माणूसही तेथून हटतो.

या ज्ञानालाही मर्यादा आहेत, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकूर समाजाची वाडी होती. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नसल्याने यंत्रे पोहोचली नाहीत, माणसांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे शासनाकडून सांगण्यात आले. इर्शाळगडाच्या वाटेवरील ही वाडी गिर्यारोहकांना चांगली परिचित होती, अनेकांनी तेथे चहा घेतला होता, जेवण केले होते. धबधब्यांच्या यादीत प्रत्येक पावसाळ्यात भर पडते आणि वाड्यांची यादी अपुरी राहते, ही विसंगती त्या रात्री फार मोठ्या किमतीला कळली. ज्या पावसाने खाली रविवारची गर्दी जमते, तोच पाऊस वर त्या रात्री पडत होता.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या विभागातील काही विद्यार्थ्यांनी वाड्या-पाड्यांवर जाऊन ओढ्यांची जुनी नावे लिहून घेण्यास सुरुवात केली आहे. अर्थात ऑक्टोबरनंतर, भात कापून झाल्यावर, घरची माणसे बोलायला मोकळी असताना. नोंदीच्या तक्त्यात आरंभी तीनच रकाने होते : ओढ्याचे नाव, सांगणाऱ्याचे वय आणि वाडी. चौथा रकाना विद्यार्थ्यांनीच वाढविला. ‘पाणी वरून कोठून येते’ असे त्याचे शीर्षक आहे, आणि इतर तिन्ही रकान्यांपेक्षा तोच अधिक भरत आहे. फलाटावर नजर चुकविणाऱ्यांपैकी दोघे या कामात आहेत.